दालच्यातली मिरची

दुसरबीडच्या स्टँडमागे जमीरोद्दीनचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकली की तो जुनी तार उपसतो आणि नवी भरून देतो. हाताला काम असलं तरी डोकं मोकळं राहतं, हीच त्याची आणि गावाची अडचण. डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर दिवसभर कधी कुराणावरचं प्रवचन, कधी इतिहासाचं व्याख्यान, तर कधी मारधाडीचा सिनेमा चालू असतो. संध्याकाळपर्यंत तिन्हींची खिचडी होते आणि भेटेल त्याला तो ती वाढत सुटतो.

मौलानांना त्यानं एकदा विचारलं, प्रलयात सगळे जीव वाचवणाऱ्या नूह पैगंबरांच्या किश्तीत वाळवीलाही जागा दिली होती का, आणि दिली असेल तर लाकडाचं काय झालं? तेव्हापासून नमाज झाली की मौलानांना घाईनं चपला सापडतात. घरी तर त्याची बायको बिल्किसबी त्याला मालिका पाहायला जवळच बसू देत नाही. “बादशहाच्या थाळीत टमाटा! अरे, टमाटा तवा हिंदुस्थानात होता का?” असं तो ऐन रडारडीच्या प्रसंगी ओरडला होता.

आणि उरुसाचा माईक याच माणसाच्या हाती असतो. गावाबाहेरच्या टेकाडावर निंबवाले बाबांचा दर्गा आहे. उरुसाच्या दिवशी लंगरचा, म्हणजे गावजेवणाचा, डाळीचा दालचा शिजतो, पण त्या मोठ्या देगेत कौशल्याबाईंच्या मळ्यातली मिरची पडल्याशिवाय चूल पेटत नाही. कौशल्याबाई माळ्यांच्या, हा मान त्यांच्या घरचा. त्या मिरची टाकतात तेव्हा जमीर माईकवर गोष्ट सांगतो. सातशे वर्षांपूर्वी बाबा इथं आले, तेव्हा कौशल्याबाईंच्या पूर्वजांचा मिरचीचा मळा टोळांनी फस्त केला होता. बाबांनी मूठभर माती फुंकली आणि मळा पुन्हा लाल झाला! तीसेक वर्षं तो हे सांगतोय. ऐकताना बाया डोळे पुसतात, सांगताना तोही पुसतो.

यंदा उरुसाच्या आदल्या दिवशी तार गुंडाळताना त्यानं व्याख्यानात ऐकलं की मिरची पोर्तुगीजांनी जहाजातून आणली. म्हणजे बाबांच्या नंतर दोनशे वर्षांनी. त्याचा हात थांबला. दुसऱ्याच्या थाळीतला टमाटा पकडणाऱ्याच्या देगेतच मिरची निघाली.

आता करायचं काय? बाबांच्या दारात उभं राहून खोटं बोलावं तर ईमान जातं. खरं सांगावं तर गोष्ट जाते, आणि गोष्ट गेल्यावर मान कशाच्या आधारावर टिकायचा? उरूस कमिटीतला तौसिफ आधीच म्हणत होता, मेहकरहून पाकिटातला मसाला आणू, बाईची वाट कोण पाहत बसतो. आणि कौशल्याबाई जमीरला परक्या नव्हत्या. त्याची आई गेल्यापासून ईदचा पहिला सलाम तो त्यांनाच करायचा. त्यांना दुखवायचं कसं?

शेवटी तो त्यांच्या मळ्यात गेला. त्या मिरच्या तोडत होत्या.

“मावशी, वंगाळ बातमी हाये.”

“कोन गेलं?”

“कोनी नाही. मिरची गेली.”

त्यानं सगळा इतिहास जहाजासकट सांगितला. त्या तोडतच राहिल्या.

“बाबाच्या टायमाले तुमच्या मळ्यात मिरची नव्हतीच, मावशी!”

“नसन. माह्या सासूच्या टायमाले तं देगेतही नव्हती. सासू वांगे द्यायची. मी लग्न होऊन आली अन् एका साली वांग्यात कीड पडली. किडकं वांगं बाबाले कसं द्याव? म्हनून मिरच्या नेल्या.”

जमीर बांधावरच बसला. “अन् ते टोळ? ते मूठभर माती?”

“लहानपनी तूच तं मागं लागला होता, ‘मावशी, मिरचीच काऊन, मिरचीच काऊन.’ मी मळा निंदत होती. काहीतरी सांगून वाटे लावलं तुले. मले काय मालूम, तू ते भोंग्यावर सांगशीन!”

“मंग इतले साल ऐकून बोलल्या काऊन नाही?”

“तू सांगतच इतलं चांगलं. मलेच खरं वाटाले लागलं.”

दुसऱ्या दिवशी जमीरनं माईकवर सगळं सांगून टाकलं. जहाज, वांगं, कीड, आपलं बाळपण, काही ठेवलं नाही. मग गर्दीतले म्हातारे माणिकराव काठी आपटत उठले.

“काहीही सांगतं का बे? टोळ माह्या आज्यानं सोताच्या डोळ्यानं पाह्यले होते!”

चारी बाजूंनी माना डोलल्या. मीच ती गोष्ट पसरवली, असं जमीर छाती बडवून सांगत होता, पण त्याचंच तीस वर्षांचं सांगणं त्याला भारी पडलं. फक्त तौसिफला ते पटलं.

“म्हंजे मिरची बाहेरचीच ना? मंग पाकीट आनलं तं काय बिघडलं?”

जमीरचा चेहरा पडला. नेमकी याचीच त्याला भीती होती.

कौशल्याबाई टोपलं घेऊन पुढे आल्या आणि माईक जमीरच्या हातात असतानाच त्यांनी तो आपल्या तोंडाजवळ ओढला.

“बाहेरची? इतल्या पिढ्या याच मातीत पिकून राह्यली, इथलंच पानी पेली. अजूनही तिले जो बाहेरची म्हनन, त्यानं आज दालचा खाऊ नये.”

आणि टोपलं देगेत रिकामं केलं. दालच्याचा वास नुसता आठवून तौसिफनं मुकाट्यानं काडी ओढली. चूल पेटली. जमीरला इतकं भरून आलं की तोंडातून शब्द फुटेना, आणि माईक त्याच्या हातात असूनही गावाला पहिल्यांदाच शांतता मिळाली.