नामदेवच्या गुळगुळीत चवन्न्या

नामदेव कंडक्टरनं मला जन्मात एकही धड चवन्नी दिली नाही. बालाघाट-परसवाडा गाडीवर तो कंडक्टर, मी परसवाड्याच्या शाळेत मास्तर. सोमवारी जायचं, शनिवारी परतायचं, आणि दोन्ही वेळा सुट्टे म्हणून राजाचं तोंड पार घासून गेलेलं नाणं घेऊन उतरायचं. शेजारच्या भाजीवालीला मात्र हा बाबा करकरीत नाणी देणार.

एकदा मी भडकलोच. "काय रे, ही रद्दी माझ्याच गळ्यात का?"

"गुरुजी, हे चवन्नी त्या बाईनं देल्ली तं दुकानदार वापस फेकते. तुमी देल्ली तं पाहातबी नाही. तुमचा कोट पाहून घेते."

मला काही पटलं नाही. मुद्दाम पोस्टात तीच चवन्नी पुढे सरकवली. बाबूनं न बघता गल्ल्यात टाकली, वर "नमस्कार गुरुजी" म्हणाला. खरं सांगतो, मला लाज वाटली.

बाजारच्या म्हाताऱ्यांकडून नामदेव असली नाणी बिनतक्रार घ्यायचा आणि वकील, पटवारी, मास्तर यांच्यात वाटून टाकायचा. "राजा बुढा झाला, चवन्नी थोडीच बुढी झाली," असं वर आम्हालाच ऐकवायचा. गाडीच्या मालकाला हे खपेना. थैलीत उरलेली असली नाणी बँकेनं परत केली तेव्हा त्यानं बजावलं, पुन्हा असलं नाणं थैलीत दिसलं तर घरी बस. नामदेवच्या घरी चार पोरं आणि आंधळी आई होती.

त्यानंतरच्या शनिवारी गाडी जवळजवळ रिकामी होती. वाटेत एक म्हातारी चढली. तिची लेक बालाघाटच्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती. पदराच्या गाठीतून तिनं चवन्नी सोडली, अगदी गुळगुळीत. "एवढीच हाय, बापू."

नामदेवनं माझ्याकडे पाहिलं, मग तिकीट फाडलं. पुढच्याच फाट्यावर हात दाखवून मालक चढला.

"नामदेव, थैली दिखाव."

नामदेवचा चेहरा उतरला. म्हातारी तिकीट घट्ट धरून बसली होती. माझं तिकीट अजून व्हायचं होतं. मी मास्तरी आवाजात म्हणालो, "थैली मग दाखव. आधी माझं तिकीट फाड. हा रुपया घे, वरचे चार आणे दे."

मालकानंही मान डोलावली. नामदेवनं थैलीत हात घातला, चवन्नी माझ्या तळहातावर ठेवली, पण बोट काही उचलेना. इतक्या वर्षांत कधी नव्हे तो खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, हे घासेल हाय बरं."

"हौ," मी म्हणालो आणि चवन्नी खिशात टाकली.