टाकीचे पाय

अंगणात पाण्याची टाकी बसवायची होती. दीड हजार लिटरची, बारा फुटी लोखंडी स्टँडवर, म्हणजे वरच्या खोल्यांतही नळ चालेल. स्टँडखाली दोन्ही सुना भांडी घासणार. बदनापूरचा वेल्डर सव्वा इंची पाइपाच्या चार पायांचा स्टँड उभा करून गेला. दुसऱ्या दिवशी टाकी चढवून भरायची होती.

थोरल्याची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीला आली होती. तिनं स्टँड मापला आणि ओसरीत लॅपटॉप उघडून बसली. मी चौथी शिकलेली, पण विचारायला लाजत नाही.

"काय करून राह्यली?"

"पाय वाकतील का ते बघून राह्यले, आज्जी. हा प्रोग्राम पाइपाचे बारीक तुकडे पाडतो, एकेका तुकड्याचा हिशोब करतो अन् सगळे परत जोडतो."

"लोखंड कुठं दबत असतं का?"

तिनं खराट्याची काडी काढली, जमिनीवर उभी धरून वरून दाबली. काडी दबली नाही, कमानीसारखी बाजूला गेली. "लांब अन् बारीक असलं की असं होतं. मंग ते लोखंड असो का काडी."

स्क्रीनवर चारी पाय एका अंगाला कलले होते. मी म्हणाले, "हा तर पडलाच की."

"चित्रात वाकणं वाढवून दाखवतंय. आकडा बघायचा. भरल्या टाकीच्या तिप्पट वजनापर्यंत उभा राहील."

थोरली सून म्हणाली, "मंग भरा की, आत्याबाई."

तेवढ्यात नातीनं विचारलं, "पाय काँक्रीटमधी गाडलेत ना? मी तसं धरलंय."

"न्हाई," मी म्हणाले. "फरशीवर नुसते टेकवलेत."

बुडाशी वाळू ओढलेली होती, म्हणून तिला दिसलं नव्हतं. वेल्डरला तसं मीच सांगितलं होतं. दोन भाऊ एका अंगणात असले की आमच्याकडे स्टँड कुणी गाडत नाही. वाटणीत ज्याला जाईल त्याला उचलून नेता यावा.

तिनं पाय मोकळे धरून हिशोब पुन्हा चालवला. तिपटीचा आकडा पाऊणपटीवर आला. म्हणजे टाकी पुरती भरायच्या आधीच पाय जाणार होते, आणि खाली माझ्या सुना.

"मधून तिरप्या पट्ट्या मारा," ती म्हणाली, "पण मंग खाली बसता येणार न्हाई. न्हाईतर गाडा."

धाकटा दारात उभा होता. "गाडल्यावर मंग टाकी कुणाची?"

वाटणीचं घरात तोवर कुणी उघड बोललं नव्हतं. बरं झालं, बोलला.

"जमिनीची," मी म्हणाले. "वाटणी करा, न्हाई करा, टाकी हलणार न्हाई. नळ दोन्हीकडं जातील. ज्याला पटत न्हाई त्यानं आडातून शेंदावं."

"मला कुठं शेंदायला सांगता," धाकटी सून नवऱ्याकडे बघत म्हणाली, "ह्यांनाच सांगा."

टाकी चढवायचं थांबवलं. फरशी उचलून, काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले. दोघा भावांनीच खणले, एकमेकांशी न बोलता. काँक्रीट वाळेपर्यंत मी कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. टाकी काठोकाठ भरली तेव्हा नात एकेका पायाला डोळा लावून बघत होती. सगळे सरळ होते.

आपल्या खोलीकडचा नळ धाकट्यानं स्वतः जोडला. कुणी न सांगताच थोरल्यानं त्याला पाना नेऊन दिला.