आगोटीच्या दिवशी सुनावणी

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी एकाच वेळी दोन ठिकाणी इंटर्न होते. सकाळी किनाऱ्यावरच्या एका सरकारी ऑफिसात, आणि दुपारनंतर मुंबईतल्या एका धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, म्हणजे माझ्याच खोलीवर लॅपटॉपपुढे. ऑफिसात मी झेरॉक्स काढायचे, इतिवृत्तं टाइप करायचे, नकाशे गुंडाळून ठेवायचे. संस्थेसाठी मी सरकारने कसं वागायला हवं ते लिहायचे. सकाळी ज्यांना चहा सांगायचा, दुपारी त्यांनाच शहाणपण शिकवायचं, असं चाललं होतं. आमचं घर माणगावच्या वरच्या अंगाला, भातशेतीचं. आई फोनवर म्हणायची, "एक काहीतरी धड कर गं बाई." मला राग यायचा, कारण तिचं बरोबर असायचं.

राहायला मी कोळीवाड्यात होते. घरमालकीण सुकी मासळी विकायची. मी तिला मावशी म्हणायचे आणि ती मला बाय. सुरुवातीला त्या वासाने माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. मग एकदा तिने सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी केली आणि ताट माझ्यापुढे सरकवून नुसती बसून राहिली. त्यानंतर वासाबद्दल मी पुन्हा चकार शब्द काढला नाही.

घरामागे सुरूचं बन, आणि बन ओलांडलं की खळं. खळं म्हणजे मासळी वाळवायची जागा. वाड्यातल्या सगळ्या बायका तिथे जवळा पसरायच्या, बांबूच्या मांडवांवर बोंबील टांगायच्या. कोणाच्याही नावावर नसलेली आणि सगळ्यांची असलेली जागा. त्या वर्षी किनारा सुशोभीकरणाचा आराखडा आमच्या ऑफिसात आला आणि मी तो टेबलावर उलगडला, तर खळ्याच्या जागी गाड्यांचा वाहनतळ होता. खाली लिहिलं होतं, मोकळी जागा. मोजणी करणारे भर पावसाळ्यात येऊन गेले होते. पावसात होड्या वर ओढलेल्या, मांडव सोडवून ठेवलेले, खळ्यावर नुसतं गवत. त्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं. पण तो वाहनतळ झाला असता तर मावशीला पुढच्या हंगामात मासळी वाळवायला हातभर जागा उरली नसती, आणि वाळवणाशिवाय तिचं दुसरं काही नव्हतं.

हरकती ऐकायला सुनावणी ठेवली. माणसांनी स्वतः येऊन बोलायचं. दुपारपर्यंत कोणी आलं नाही तर कोणाची हरकत नाही असं समजलं जाईल, अशी ओळ नोटिशीत होती. ती नोटीस मीच वाड्यातल्या देवळाच्या खांबाला चिकटवून आले होते. आणि मजा म्हणजे त्याच दिवशी दुपारी तीनला मला मुंबईच्या संस्थेतल्या मॅडमना आणि त्यांच्या समितीला माझा अभ्यास सादर करायचा होता. विषय, किनाऱ्यावरच्या नियोजनात लोकसहभाग. स्लाइड्स झक्क झाल्या होत्या. त्यात बाण होते, रंगीत गोल होते.

त्या दिवशी सकाळी मी केस विंचरत बाहेर आले तर दारात टेम्पो उभा. मावशी पाट्या चढवत होती. सुकट, सोडे, वाकट्या, बोंबलांचे भारे. शेजारच्या चौघीजणीही पदर खोचून तयार.

"मावशी, कुठे निघालात? आज सुनावणी आहे."

"ठाव हाय."

"मग?"

"मग काय? आज आगोट हाय. बोर्लीच्या बाजारात जायाचं."

आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. समुद्र बंद व्हायच्या आधी, मे महिन्याच्या शेवटी, अख्खा मुलूख चार महिन्यांचं सुकं भरून ठेवतो. आमच्या घरीही बाबा डबे घेऊन बाजार गाठायचे. ज्या दिवशी वर्षाची सगळी मासळी विकायची, नेमका त्याच दिवशी ऑफिसाने बायकांना येऊन बोला म्हणून सांगितलं होतं. तारीख ठरली तेव्हा खोलीत आम्ही पाच-सहा माणसं होतो, त्यातली बरीचशी याच किनाऱ्यावरची. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"मावशी, कोणी आलं नाही तर खळं जाईल हो."

"तू सांग ना आमच्या वतीनं. सरकारात हायस ना तू?"

"मी सरकारात नाही. मी इंटर्न आहे."

"म्हंजे?"

उत्तराला न थांबता मावशी टेम्पोत चढली आणि वरून म्हणाली, "आज नाय इकलं तर घरात बसून सडंल, बाय. खळं ऱ्हाऊन मंग करायचं काय?" टेम्पो गेला.

मी ऑफिसात पोचले तेव्हा हॉलमध्ये लाल खुर्च्या मांडून झाल्या होत्या. साहेब विदर्भातले, बदली होऊन नुकतेच आलेले, वक्तशीर माणूस. शेजारी अव्वल कारकून, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. पंखा फिरत होता, खुर्च्या रिकाम्या. मी एकदा चहा सांगितला, मग दुसऱ्यांदा सांगितला. मध्ये मुंबईहून मेसेज आला, तिसऱ्या स्लाइडवरचा नकाशा बदल. तो मी हॉलच्या मागच्या खुर्चीवर बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन बदलला. तेवढ्यात एका गावाचं इतिवृत्त तातडीने हवं म्हणून शिपाई आला, तेही टाइप केलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला तो ओढून काढला. मोबाइलचं नेट संपलं म्हणून भाऊसाहेबांच्या मोबाइलचं घेतलं. आणि या सगळ्यात कान दाराकडे. कोण येणार होतं म्हणा.

शेवटी साहेबांनी घड्याळ पाहिलं. "कोणी आलं नाही म्हणजे कोणाचं काही म्हणणं नाही. बरोबर ना, भाऊसाहेब?"

भाऊसाहेब "हो ना" म्हणाले आणि पेनाचं टोपण काढायला लागले. माझं डोकं फिरलं.

"बरोबर नाही, साहेब," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. "आज आगोट आहे."

साहेबांनी घड्याळावरून मान वर केली. "आता ही कोणाची जयंती?"

हसू दाबायला भाऊसाहेबांनी तोंड फिरवलं. मी सगळं सांगितलं, पावसाळ्यातली मोजणी, खळं, बाजार, सगळं एका दमात. मध्येच साहेब म्हणाले, "असं होतं तर भाऊसाहेब, तुम्ही तारीख ठरवताना का नाही बोललात?"

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. त्यांच्या खुर्चीमागे खिळ्याला दोन मोठ्या कापडी पिशव्या अडकवलेल्या होत्या. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा आधीच टाकली होती. सुनावणी लवकर आटपून तेही बोर्लीलाच जाणार होते, आणि दरवर्षी सुकट कोणाकडून घेत असतील? त्या पिशव्यांकडे साहेबांचं लक्ष गेलं, आणि मग खुद्द भाऊसाहेबांचंही गेलं. बिचाऱ्यांचा चेहरा बघवेना.

यानंतर जे झालं त्यासाठी मी त्या दोघांची आजही मनापासून आभारी आहे. साहेब मला "तुमचं काम झेरॉक्सचं" असं म्हणू शकले असते. दुसरा कोणी म्हणालाही असता. भाऊसाहेबांनी हळूच सांगितलं, "साहेब, सुनावणी कुठे घ्यायची ते आपल्याच हातात असतं. जागा बदलली अशी नोंद करायची, बस." साहेबांनी नोटीस पुन्हा एकदा वाचली. मग उठले आणि गाडीची चावी उचलली. "चला. फाइल घ्या. इंटर्न मॅडम, तुमचा तो कॉम्प्युटरही घ्या."

बोर्लीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या वाड्यातल्या बायका एका ओळीत बसल्या होत्या, पुढे मासळीचे ढीग, आणि गिऱ्हाइकं अक्षरशः अंगावर. साहेबांनी मावशीला नमस्कार केला आणि म्हणाले, "ताई, आम्ही खळ्याची सुनावणी घ्यायला आलोय."

"बसा," मावशी म्हणाली. "पर मी उठायची न्हाय."

कोण उठा म्हणत होतं? साहेब एका उलट्या पाटीवर बसले. मी खाली, मांडीवर कागद. भाऊसाहेब प्रश्न विचारायचे, बायका तराजू धरूनच उत्तरं द्यायच्या, मी लिहायचे. खळ्यावर काय करता? कधीपासून? सासूच्या आधीपासून. किती जणी? मोजून बघा. दुसरीकडे वाळवता येईल का? दुसरीकडं ओल असती, म्हावऱ्याला किडा लागतो. मध्येच एक बाई सोड्यांचा भाव पाडून मागायला लागली, तर मावशी तिला म्हणाली, "थांब गं, सरकार बसलंय." सगळ्या हसल्या. साहेबही हसले. लिहिता लिहिता माझी बोटं आखडली आणि कागदांना सुकटीचा वास लागला.

आणि तीन वाजले. फोन वाजला, मुंबईच्या मॅडम. समिती जमलेली. मी कागद भाऊसाहेबांच्या हातात कोंबले आणि दोन टेम्पोंच्या मधल्या फटीत जाऊन उभी राहिले. रेंज येत-जात होती. मी तुटक तुटक सांगितलं, मॅडम, मी बाजारात आहे, सुनावणी चालू आहे, लिहिणारी मीच आहे. मॅडम कडक. एकदा उशीर झाला म्हणून त्यांनी माझा अहवाल न वाचता परत पाठवला होता. मला वाटलं, आता गेलं सगळं, सहा महिन्यांची मेहनत पाण्यात.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "लोकसहभागावर बोलणार होतीस ना आज?"

"हो मॅडम."

"मग फोनवर काय करतेस? जा, लिही." आणि फोन ठेवला.

माझं सादरीकरण त्या दिवशी झालं नाही, नंतरही झालं नाही. ते दुसऱ्या एका मुलाला दिलं गेलं, आणि खरं सांगते, आठ दिवस मला वाईट वाटत होतं. पण त्या फोनबद्दल मॅडमचे जितके आभार मानीन तितके थोडेच.

जबाब संपले. भाऊसाहेबांच्या दोन्ही पिशव्या भरल्या आणि साहेबांच्या स्वच्छ गाडीत जाऊन बसल्या. परतताना साहेब म्हणाले, "ऐकलं ते ठीक. पण जागा बघितल्याशिवाय मी लिहिणार नाही."

ही मात्र पंचाईत होती. कारण खळ्यावर आता बघायला होतं काय? सगळी मासळी बाजारात विकली गेली होती. पुरुषांनी सकाळीच मांडव सोडवून बांबू नेले होते. आम्ही सुरूच्या बनातून बाहेर पडलो तर समोर नुसतं सपाट, रिकामं रान. मोजणीवाल्यांना दिसलं होतं अगदी तसंच. साहेबांनी नकाशा उघडला, जागेकडे पाहिलं, पुन्हा नकाशाकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी घसा खाकरला. मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात टेम्पो आला. बायका उतरल्या, दमलेल्या, पाट्या रिकाम्या. मावशीच्या दोन पाट्या होत्या, मी धावत जाऊन एक घेतली. आम्ही तिथे उभे आहोत याचं कोणाला काही नव्हतं. त्या सरळ पाण्यावर गेल्या, मागोमाग मीही, पाट्या खाऱ्या पाण्यात खळबळून धुतल्या आणि सुकवायला खळ्यावर घेऊन आल्या. बाजाराहून आलं की रोजचंच काम ते. जिची तिची जागा जिला तिला ठाऊक. एक इकडे वळली, एक पार तिकडच्या टोकाला चालत गेली, दोघी मधल्या अंगाला. कुठे दगड नाही, रेघ नाही, दोरी नाही. एकीनेही दुसरीला विचारलं नाही. टेम्पोमागून दुसरा टेम्पो आला, त्यातल्या बायकाही तशाच पांगल्या. बघता बघता त्या रिकाम्या रानात सगळीकडे उपड्या पाट्या झाल्या, सारख्या अंतरावर, पार बनाच्या कडेपर्यंत.

साहेब कडेने एक फेरी मारून आले. एकदाही पाट्यांच्या मधून चालले नाहीत. मग म्हणाले, "भाऊसाहेब, लिहा. जागा मोकळी नाही."

पावसाळ्यानंतर नवा नकाशा आला. वाहनतळ रस्त्यापलीकडे गेला होता, आणि या जागेवर काय लिहायचं ते साहेबांनी मलाच टाइप करायला सांगितलं. मासळी वाळवण्याचे खळे. पुढे शिकले, नोकरी लागली, बरंच काही टाइप केलं, पण त्या एका ओळीइतकं पुन्हा पुन्हा तपासून कधी नाही.

त्या संध्याकाळी मात्र हे काही माहीत नव्हतं. साहेबांनी लिहा म्हटलं, आणि मी मावशीची दुसरी पाटी छातीशी धरून तशीच उभी होते. पाणी गळून माझे कपडे भिजले होते. सगळ्यांच्या पाट्या ठेवून झाल्या होत्या. मावशी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"काय गं, उभी का?"

"ही कुठे ठेवू, मावशी?"

तिने पायाने स्वतःची पाटी जराशी सरकवली, बाजूला जागा केली.

"हितं ठेव," ती म्हणाली. "ही जागा तुजी."