पाळण्याचं माप

माझ्या मुलीचं बारसं जिन्यात झालं.

हौस म्हणून नव्हे. विरारचा आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट चांगला ऐसपैस आहे (असं बिल्डरने आम्हाला सांगितलं होतं). हॉलमध्ये झेंडूच्या माळा लागल्या होत्या, घुगऱ्या शिजल्या होत्या, सईची आत्या, म्हणजे माझी ताई, नवी पैठणी नेसून तयार होती. फक्त पाळणा यायचा होता, आणि तो अप्पा आणणार होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. वालीवच्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर फॅब्रिकेशनचं काम केलं. घरच्या पोराबाळांवर त्यांचा फार जीव, पण तो दाखवायचं साधन एकच : वेल्डिंग. मी शाळेत होतो तेव्हा त्यांनी माझ्या सायकलला मागे असं दणकट कॅरियर जोडलं की चढावर मला सायकल ओढत न्यावी लागायची. सई जन्मली त्या आठवड्यात त्यांनी आमच्या गॅलरीला ग्रिल ठोकलं. म्हणाले, "रांगायला लागली की पडेल." तिला तेव्हा कूससुद्धा बदलता येत नव्हती.

पाळण्याची गोष्ट मात्र जुनी होती. माझ्या बारशाला आमच्याकडे पाळणा नव्हता, शेजाऱ्यांचा मागून आणला होता. संध्याकाळी त्यांना तो दुसरीकडे द्यायचा होता, म्हणून मला झोपेतून उचलून सतरंजीवर ठेवलं. मी जो टाहो फोडला तो अप्पांच्या कानातून कधी गेलाच नाही. माझ्या दर वाढदिवसाला केक कापताना ते हे सांगायचे. सईला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाही तेच म्हणाले, "हिला पाळण्यातून कोणी उठवणार नाही."

बारशाच्या सकाळी पाळण्याचा रंग वाळला आणि मुहूर्ताच्या तोंडावर टेम्पो खाली लागला. मी गॅलरीतून पाहिलं. पाळणा कसला, स्टँडसकट तो एखाद्या छोट्या देवळाचा सांगाडा वाटत होता.

मी खाली धावलो. "अप्पा, एवढा मोठा?"

"पाच वर्षांची होईपर्यंत पुरला पाहिजे. माप बरोब्बर घेतलंय, सुताएवढा फरक सापडणार नाही."

"आणि दाराचं?"

"कसल्या दाराचं?"

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मी जिन्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं आणि आत्मविश्वासाने म्हणालो, "तिरका घेतला की जाईल." (हे वाक्य आमच्या सोसायटीत अजून म्हणून दाखवतात.) मी वरून ओढत होतो, टेम्पोवाला आणि अप्पा खालून ढकलत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खर्र आवाज झाला आणि पाळण्याने एक पाय कठड्यात आणि एक भिंतीत रोवून बैठक मारली. मग तो वर जाईना, खालीही येईना.

"नट-बोल्ट काढून सुटा करू," मी म्हणालो.

"नट ढिले होतात. सगळं वेल्ड केलंय."

"मग झोळी तरी कडीतून काढा."

"कडीपण वेल्ड केलीय. कडीला तोंड ठेवलं की ती उघडते."

"गॅलरीतून दोरीने घेऊ."

ग्रिल आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं.

एव्हाना पाहुणे यायला लागले होते. वरच्या बाजूला सई, माझी बायको माधवी, ताई आणि आधी आलेल्या बायका. खालच्या बाजूला उशिरा आलेल्या बायका, टेम्पोवाला आणि अप्पा. टेम्पोवाल्याने कारखान्यातून गॅस कटर आणायची तयारी दाखवली. अप्पांनी मान डोलावली. "काप," ते हळूच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नात वर आणि आजोबा खाली, आणि मध्ये त्यांची सगळी माया आडवी पडलेली.

तेवढ्यात खालून अर्नाळ्याच्या गुलाबमावशी आल्या. त्या आम्हाला वर्षानुवर्षं मासळी द्यायच्या, त्यामुळे घरच्याच. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली.

"कापताव कशाला? गोविंद घ्या, गोपाळ घ्या करायला पाळन्याच्या दोन बाजूला बायका लागतात ना? हितं वर हायेत, खाली हायेत. आनि काय पायजे?"

कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. अप्पांनी खिशातून सपाटी तपासायची लेव्हल काढून पाळण्यावर ठेवली. (बारशालाही त्यांच्या खिशात लेव्हल होती.) बुडबुडा बरोब्बर मध्ये थांबला.

"सरळ आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. "पण तिला ठेवायच्या आधी वजन देऊन बघू. बाळू, तू बस."

"अप्पा, मी?"

"तुझ्या पोरीचा पाळणा आहे. बस."

मी सिल्कचा झब्बा सावरत पाळण्यात बसलो. फोटोग्राफरला वर जायला वाट नव्हती, त्यामुळे त्याने समोर दिसलं ते टिपलं. सईच्या बारशाच्या अल्बममधला पहिला फोटो माझा आहे : गुडघे हनुवटीला, कपाळाला कुंकू आणि झोका देणाऱ्या गुलाबमावशी.

मग खरं बारसं झालं. वरून "गोविंद घ्या", खालून "गोपाळ घ्या", असं करत सई पाळण्याच्या वरून आली, खालून गेली. शेवटच्या फेरीला गुलाबमावशींनी ती सरळ अप्पांच्या हातात दिली. बायकांच्या कार्यात पुरुष कशाला, असं वरून कोणीतरी पुटपुटलं.

"पाळना कोनी केला?" मावशींनी विचारलं, आणि विषय संपला.

अप्पांनीच तिला आत ठेवलं. ताईने कठड्यावरून वाकून कानात नाव सांगितलं, वरच्या बायकांनी कुर्रर्र करत ताईची पाठ सडकून काढली. घुगऱ्या जिन्यात वाटल्या. सई दुपारभर झोपली आणि तिला पाळण्यातून कोणी उठवलं नाही. वरचे पाहुणे खाली जाता येईना म्हणून दोनदा जेवले.

संध्याकाळी ती जागी झाल्यावर सोसायटीतल्या सगळ्या पुरुषांनी मिळून पाळणा ओढून खाली आणला. तेव्हापासून तो पार्किंगमध्ये आहे. इमारतीतल्या प्रत्येक पोराचं बारसं त्यात झालं, आणि दर रविवारी अप्पा त्याच्या कडीला तेल द्यायचे. गेल्या वर्षी अप्पा गेले. आता तेल मी देतो, पण कडी कुरकुरते. मला वाटतं ती त्यांना विचारते.

सई यंदा दहावीला आहे. आजोबा असते तर त्यांनी तिला अभ्यासाचं टेबल केलं असतं, हे मनातून जाईना. म्हणून मी वालीवला त्यांच्याच कारखान्यात उभं राहून टेबल करून घेतलं. रुंद, भक्कम, नट-बोल्टशिवाय. उंची तिच्या कोपराबरहुकूम, पाय ठेवायची पट्टी तिच्या तळव्यांच्या मापाची. मागच्या रविवारी टेम्पो खाली लागला.

सईने टेबलाकडे पाहिलं, मग जिन्याकडे. "बाबा, दाराचं माप घेतलं होतं ना?"

ती सध्या पार्किंगमध्ये अभ्यास करते, पाळण्याच्या शेजारी.