कन्यादानाला कोण बसणार

नवरात्रात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गुरुजींचं व्याख्यान झालं. विषय होता विधवांचा सन्मान. गुरुजी विद्वान, त्यात आवाज खणखणीत. ज्या घरात विधवेला मंगलकार्यात मागे बसवतात तिथे देव पाऊल टाकत नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती आणि मुलीचं लग्न ठरत आलं होतं. शेवटी मला गजरा देऊन गुरुजींसोबत फोटोही काढला.

लग्न ठरल्यावर त्याच गुरुजींना घरी बोलावलं. चहा पुढे केला आणि म्हटलं, "कन्यादानाला मी बसणार."

गुरुजींनी कपबशी खाली ठेवली. "ताई, विचार उदात्त आहे. पण व्याख्यान वेगळं, विधी वेगळा. कन्यादानाला जोडपं लागतं. तुमचे दीर आहेत ना?"

दीर भांडुपला राहतात. माणूस गरीब, पण मुलीच्या दहावी-बारावीचे पेढे खाण्यापलीकडे तिच्याशी त्यांचा संबंध नाही. त्यांची बायकोही वारलेली. मी म्हटलं, "त्यांचं तरी जोडपं कुठे राहिलंय?"

"त्याला सोय आहे," गुरुजी खुलले. "पत्नी नसेल तर पुरुषाने कमरेला सुपारी लावायची. ती पत्नीच्या जागी."

माझं डोकं सणकलं. "गेलेली बायको सुपारीत मावते आणि गेलेला नवरा मावत नाही? मग मीही लावते. जरा मोठी बघून आणते, हे अंगाने भरलेले होते."

आतून मुलगी खो खो हसली. "ग्रंथ बघून सांगतो," म्हणत गुरुजी उठले.

मी धुमसत राहिले. खरं तर घाबरलेही होते. जिला एकटीने वाढवली तिचा हात मला माझ्या हाताने द्यायचा होता, बाकी काही नको होतं.

शेवटी फोन आला. "ताई, बसा असं कुठे लिहिलेलं नाही. बसू नका असंही सापडलं नाही. तेव्हा बसा. फक्त फोटो ग्रुपवर टाकू नका, माझे बाकीचे यजमान जुन्या वळणाचे आहेत." सन्मानाचा फोटो मात्र त्यांनी डीपीला लावला होता.

लग्नात पदराला सुपारी बांधून मी पाटावर बसले. दीर पहिल्या रांगेत, सुटल्यासारखे पन्हं पीत होते. गुरुजींचा आवाज हॉलभर घुमत होता. संकल्पात कन्या देणाऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली, तसा त्यांनी माइक हळूच बाजूला केला आणि माझं नाव नुसतं पुटपुटले.

रागाने माझे डोळे भरून आले. मुलीने माझा हात घट्ट धरला. मी माझं नाव आणि गोत्र मोठ्याने सांगितलं, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं, आणि वर म्हटलं, "मुलीची आई."  गुरुजींनी मंत्र तिथूनच पुढे चालू केला.