तोफेमागचा ऑक्टोपस

मारतहळ्ळीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्कांच्या शोकेसमध्ये एक युद्धनौका आहे. हातभर लांब, करड्या रंगाची. ती मी बनवली. अक्कांचे यजमान तरुणपणी नौदलात अशाच एका जहाजावर होते. जहाजाच्या मागच्या डेकवर तीन नळ्यांची उखळी तोफ आहे, आणि तोफेमागच्या भिंतीवर मागच्या महिन्यापर्यंत एक छोटा काळा ऑक्टोपस होता. घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याबद्दल विचारायचा आणि अक्का प्रत्येकाला हौसेने सांगायच्या. त्या सांगायच्या ते खोटं होतं. ते मी रचलं होतं.

मी आयुष्यभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काम केलं. निवृत्तीनंतर जहाजांची, विमानांची मॉडेलं बनवू लागलो. आमचा चारपाच जणांचा गट आहे, त्यात मी चुका काढणारा म्हणून प्रसिद्ध. कुणी विमानाच्या पंखावर चुकीचा आकडा चिकटवला की मी म्हणायचो, "हे विमान उडालंच नाही कधी. तुमच्या टेबलावर जन्मलं आणि तिथेच मेलं." लोक हसायचे. मला ते आवडायचं.

अक्कांचे यजमान अबोल होते. नौदलाबद्दल त्यांनी घरात कधी चार वाक्यं सांगितली नाहीत, अशी अक्कांची कायमची तक्रार. ते गेल्यावर अक्कांनी मला एक फोटो दाखवला. डेकवर तीच तोफ, शेजारी ते उभे. "एवढंच आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. वर्षश्राद्धाला ते जहाज बनवून देतो, असं मी त्यांना सांगितलं.

त्या तोफेचं नाव स्क्विड, म्हणजे आपली माकूळ. पाण्याखाली पाणबुडीचा सुगावा लागला की ही तोफ जहाजावरून तीन बॉम्ब पुढच्या समुद्रात फेकायची. ते पाणबुडीभोवती त्रिकोणात पडायचे. हे सगळं मी वाचून काढलं आणि तिन्ही नळ्या हाताने घडवल्या. श्राद्धाच्या आदल्या दिवशी शेवटची शिडी लावताना अंगठ्याला गोंद लागला आणि तोच अंगठा भिंतीवर टेकला. आमचा गोंद चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवतो. अंगठ्याची एकेक रेघ भिंतीत उमटली. ती घासून परत रंगवायची आणि रंग वाळू द्यायचा, तर वेळ नव्हता.

आम्ही मॉडेलवाले उरलेली डेकल कधी टाकत नाही. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचं पातळ चित्र. माझ्या डब्यात एका परदेशी पाणबुडीच्या किटमधला ऑक्टोपस पडून होता. तिकडचे खलाशी पाणबुडीवर असे प्राणी रंगवत. तो डागावर बरोबर बसला. पाणबुडी मारणाऱ्या तोफेमागे मी पाणबुडीचंच चिन्ह लावलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला महिनाभर सोडलं नसतं.

श्राद्धाची पानं उठल्यावर अक्कांनी विचारलं, "हे काय हो, अण्णा?" डाग झाकलाय, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तोफेवरच्या तुकडीचं चिन्ह ते. तोफेचं नाव माकूळ, म्हणून तिची माणसं ऑक्टोपस. तुमचे यजमान सगळ्यांत चपळ. आठ हात असल्यासारखे बॉम्ब भरायचे, म्हणून ही कल्पना त्यांचीच." शिवाय पेल्यात बोट बुडवून अक्कांच्या जेवणाच्या टेबलावर ऑक्टोपस काढूनही दाखवला. आधी डोकं, मग एकेक पाय. अक्का रडल्या. मला त्या वेळी बरं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर ती गोष्ट वाढत गेली. मी दरवेळी समोर बसून मान हलवत राहिलो.

अक्कांची नात आमच्याच शहरात, एचएसआर लेआउट भागातल्या एका छोट्या कंपनीत आहे. तिथे यंत्रमानवासाठी रबराचा हात बनवतात, ऑक्टोपसच्या पायासारखा वळणारा. पिकलेला टोमॅटो न दाबता उचलतो. मागच्या महिन्यात ती मला अक्कांच्या घरी बोलावून म्हणाली, "आजोबा, नव्या वर्कशॉपचं उद्घाटन आहे. आम्ही आमच्या आजोबांचं जहाज तिथे ठेवणार, आणि ही गोष्ट तुम्ही सांगायची. पोस्टरसुद्धा केलंय." पोस्टरवर फोटोतले ते उभे होते, आणि त्यांच्यामागे माझ्या डब्यातला ऑक्टोपस.

"स्वल्पच बोला हं, अण्णा," अक्का म्हणाल्या. "तुम्ही सुरू झालात की खिळ्याखिळ्याचा इतिहास सांगता."

मी म्हणालो, "अक्का, तो ऑक्टोपस खरा नाही."

"खरा कसा असेल? चित्र आहे ते."

"तसं नाही. त्यांच्या जहाजावर असं काही होतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या अंगठ्याचा डाग पडला होता, तो झाकायला मी ते लावलं. बाकी सगळं मी मनाने सांगितलं."

नातीने हातातलं पोस्टर खाली ठेवलं. अक्का मात्र हसल्या. "वय झालं तुमचं. मला हे त्यांनीच सांगितलं होतं, नौदलात असताना, आमच्या कोचीच्या घरी. जेवताना पेल्यात बोट बुडवून टेबलावर काढून दाखवला होता. आधी डोकं, मग एकेक पाय."

इथे गप्प बसता आलं असतं. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला क्षणभर तसा मोहही झाला.

"अक्का, ते बोट माझं होतं. श्राद्धाच्या दिवशी, ह्याच टेबलावर. कोचीला तुमच्याकडे जेवायचं टेबल होतं का?"

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नव्हतं. आम्ही खालीच बसायचो." आणि ऑक्टोपसकडे बोट दाखवून, "काढा ते."

मी चिकटपट्टी लावून डेकल ओढलं. ते तुकड्यातुकड्यांनी निघालं. खाली माझा अंगठा जसाच्या तसा होता. अक्कांनी त्यावरून बोट फिरवलं. नातीने पोस्टर गुंडाळून ठेवलं आणि मला चहा विचारला, पण आजोबा म्हणाली नाही.

उद्घाटन जहाजाशिवाय झालं. मी अजून संध्याकाळी वर जातो, अक्का अजून मला अण्णाच म्हणतात. पण बोलता बोलता त्या मधेच थांबतात. "त्या तोफेबद्दल ते काहीतरी म्हणायचे हो. काहीतरी नक्की म्हणायचे. दरवेळी तुम्ही सांगितलेलंच आठवतं. काय म्हणायचे ते?" त्या माझ्याकडे बघत राहतात. आवाज मोठा व्हायचा म्हणाले असतील, कान बधिर व्हायचे म्हणाले असतील, असं मनात येतं. पण मी तोंड उघडत नाही. आता मी जे बोलेन ते त्यांच्या यजमानांचं होऊन बसेल.