बिनमिठाचं ताट

डॉक्टरांनी बाबांचं मीठ बंद केलं तेव्हा मला वाटलं, त्यात काय एवढं, घरात लिंबं आहेत ना! आम्ही नागपूरची माणसं पोह्यांवर लिंबू पिळतो, वरणावर पिळतो, रश्श्यावर तर पिळतोच. डॉक्टरही म्हणाले होते, चवीला लिंबू चालेल, मीठ त्यांच्या हृदयाला झेपणार नाही.

मग लागले कामाला. लिंबू ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवायचं, भाजी खाली उतरवली की मगच पिळायचं, नाहीतर कडवट होते आणि लिंबातलं सत्त्वही जातं. मीही त्यांच्यासोबत तेच बिनमिठाचं जेवायचे. बाबांच्या पायांवरची सूज उतरली. पण ताट तसंच परत येऊ लागलं.

"तू मले उपाशी मारून राहिली काय वं?" एका दुपारी त्यांनी ताट सरकवलं. "तोंडाची चव गेली की तुझी माय काय देत होती? ते दे."

आई द्यायची मुरून काळंभोर झालेलं लिंबाचं लोणचं. ती गेली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिने घातलेली बरणी अजून फळीवर होती. पण ते लोणचं म्हणजे निव्वळ मीठ!

"नाही म्हणजे नाही!" मी ओरडलेच. "आई गेली, आता तुम्हालाही घालवून बसू का?"

बाबा हात मांडीवर ठेवून नुसते बसले. मनगटं किती बारीक झाली होती! माझा जीव तुटत होता. मीठ दिलं तर हृदय, नाही दिलं तर भूक. मी करू तरी काय?

मग ते म्हणाले, "बरणी आण. मी नाही खात. तू खा, अन् मले सांग."

ओला हात लागला की लोणचं बुरसतं, म्हणून आईसारखाच हात कोरडा पुसला आणि एक फोड तोंडात टाकली. किती दिवसांनी जिभेला मीठ लागलं. आंबट, खारट, गोड, आणि मागून सालीचा कडवटपणा. आईचाच हात. मी फोड चघळत राहिले.

"सांग ना वं."

"छान मुरलंय, बाबा. गूळ मात्र जास्त पडलाय."

"तिले नेहमी म्हणत होतो मी, गूळ कमी टाक," बाबा म्हणाले. त्यांनी ताट जवळ ओढलं आणि वरणभातावर लिंबू पिळलं.

भात संपेपर्यंत मी सांगत राहिले.